लहान रुग्णालयातली लिफ्ट: आधी खाट मोजा, मग कोटेशन वाचा

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोथरूडला तुमचं २५ खाटांचं अस्थिरोग रुग्णालय आहे. तळमजला आणि वर तीन मजले, ओ.टी. (ऑपरेशन थिएटर) तिसऱ्यावर. सहा माणसांची जुनी, चॅनल गेटची लिफ्ट आहे, पण तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. ज्याला बसता येतं तो व्हीलचेअरवर जातो, बाकीच्यांना वॉर्डबॉय जिन्याने उचलून नेतात. तुमच्याकडे तीन कोटेशनं आली आहेत. पहिला म्हणतो, आहे त्याच सहा बाय सहा फुटांच्या डक्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली होते त्या उभ्या पोकळीत, आठ माणसांची लिफ्ट बसवून देतो. दुसरा म्हणतो, शेजारची भिंत पाडून तेरा माणसांची घ्या, स्ट्रेचर आरामात जाईल. तिसरा मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत आणि कंपाउंड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, लोखंडी सांगाडा उभारून वीस माणसांची बेड लिफ्ट सुचवतो, आणि त्याचा आकडा पहिल्याच्या कितीतरी वर आहे. तुम्ही विचारताय की यातलं कुठलं घ्यावं, ए.आर.डी. (वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी) असली तर जनरेटरचं काय, काम चालू असताना रुग्णालय बंद ठेवावं लागेल का, आणि जुन्या लिफ्टचं काय करायचं.

मी लिफ्ट विकत नाही, पुण्यात लिफ्टचा सल्लागार म्हणून काम करतो. त्यातलं बरंचसं काम तुमच्यासारख्या लहान-मध्यम रुग्णालयांचं असतं. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तिन्ही कोटेशनं माणसांच्या संख्येत बोलतात, आणि तुम्हाला तर आडवा माणूस न्यायचा आहे. माणसांची संख्या म्हणजे वजनाचा हिशोब, दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात. आठ माणसं म्हणजे ५४४ किलो, तेरा म्हणजे ८८४, वीस म्हणजे १३६०. खाट मावेल की नाही हे या आकड्यांतून कळत नाही. ते कळतं केबिनच्या खोलीवरून, म्हणजे दारापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या लांबीवरून, आणि दरवाजाच्या रुंदीवरून.

भारतीय मानकाचं जुनं कोष्टक, म्हणजे आयएस १४६६५, अजून सगळ्या आर्किटेक्टच्या टेबलावर असतं. २०२२ पासून आयएस १७९०० आलं आहे, पण मापांचा अंदाज यायला जुनं कोष्टक पुरतं. त्यात आठ माणसांच्या लिफ्टची केबिन १३०० मिमी रुंद आणि ११०० मिमी खोल आहे. ११०० मिमी म्हणजे साधारण तीन फूट सात इंच. तुमचं स्ट्रेचर सात फुटांचं. पहिला पर्याय इथेच संपला. आणि तुमचा डक्ट सहा फुटांचा म्हणजे १८३० मिमी, कोष्टकात या लिफ्टला १९०० हवेत. म्हणजे तो बसवणार ती केबिन कदाचित याहूनही लहान असेल.

दुसऱ्या कोटेशनमध्ये लोक हमखास फसतात. तेरा माणसांची म्हटली की मोठी वाटते, आणि ती मोठी असतेही, पण भलत्या दिशेने. कोष्टकात तिची केबिन २००० मिमी रुंद आणि ११०० मिमीच खोल आहे, दरवाजा ९०० चा. ही ऑफिसची लिफ्ट आहे, लोक शेजारी शेजारी उभे राहावेत आणि पटापट बाहेर पडावेत म्हणून आडवी केलेली. सात फुटांचं स्ट्रेचर तिच्यात सरळ घालायला खोली नाही. आडवं करायचं तर तीन फुटांच्या दरवाजातून वळवायचं कसं? ‘स्ट्रेचर आरामात जाईल’ म्हणणाऱ्याला एकच सांगा: केबिनची आतली खोली आणि दरवाजाची मोकळी रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून दे, खाली सही कर. बहुतेक तो दुसऱ्या दिवशी नवं ड्रॉइंग घेऊन येईल.

रुग्णालयाच्या लिफ्टची मापं त्याच कोष्टकात वेगळी दिलेली आहेत. पंधरा माणसांची, म्हणजे १०२० किलोची बेड लिफ्ट १००० मिमी रुंद, २४०० खोल, दरवाजा ८०० चा. वीस माणसांची १३०० बाय २४००, दरवाजा १२०० चा. सव्वीस माणसांची, १७६८ किलोची, १६०० बाय २४००, दरवाजा तोच १२०० चा. खोली तिन्हींत एकच, फरक फक्त रुंदीत. डक्ट मात्र वीसच्या लिफ्टला २२०० बाय ३००० लागतो, म्हणजे सव्वासात फूट बाय जवळपास दहा फूट. कंपनीगणिक, दरवाजाच्या प्रकारागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून अंतिम माप नेहमी कंपनीच्या जी.ए. ड्रॉइंगवरूनच (सगळी मापं दाखवणाऱ्या मांडणीच्या नकाशावरूनच) घ्यावं.

आता पंधरा की वीस? इथे तुमचं शास्त्र माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. साधं स्ट्रेचर दोन फूट रुंद असतं, ते पंधराच्या लिफ्टमध्ये जातं. पण आय.सी.यू.ची किंवा मोटरची खाट कठड्यांसकट साडेनऊशे-हजार मिमी भरते. ती ८०० च्या दरवाजातून जाणारच नाही. शिवाय तुमचं अस्थिरोग. मांडीचं हाड मोडलेला, पिन घालून ट्रॅक्शन लावलेला पेशंट तुम्ही स्ट्रेचरवर हलवणार नाही, खाटेसकट नेणार. त्याचा पाय बोलर-ब्राउन फ्रेमवर, पायथ्याशी कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला वजनं. ही वजनं खाटेच्या पलीकडे लोंबतात, म्हणजे खाटेची लांबी तेवढी वाढते. केबिन २४०० ची आणि खाट ट्रॅक्शनसकट २३०० ची असेल, तर दरवाजा लागायला चार बोटं उरली.

म्हणून मी प्रत्येक रुग्णालयाला कोटेशन मागवण्याआधी एक काम करायला सांगतो. खाली पार्किंगमध्ये खडूने केबिन आखा. आधी १००० बाय २४००, शेजारी १३०० बाय २४००, त्याच्या शेजारी १६०० ची. दरवाजाची रुंदी दोन विटा ठेवून दाखवा. मग तुमची सगळ्यात मोठी खाट आणा, ट्रॅक्शन फ्रेम लावा, ड्रिपचा स्टँड, ऑक्सिजनचा सिलिंडर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि भूलतज्ज्ञ. सगळ्यांना आत उभं करा आणि भूलतज्ज्ञांना विचारा, ‘आत्ता पेशंटच्या तोंडाशी तुमचा हात पोचतो का?’ खाट डोक्याकडून आत गेली असेल तर डोकं मागच्या भिंतीशी असतं. हजार मिमीच्या केबिनमध्ये साडेनऊशेची खाट कशीबशी शिरली तरी बाजूने जायला वाट नाही, भूलतज्ज्ञ पायाशी अडकले. तेराशेच्या केबिनमध्ये खाट एका भिंतीला चिकटवली तर दुसऱ्या बाजूला साडेतीनशे मिमी उरतात, माणूस तिरका होऊन जाऊ शकतो. सोळाशेमध्ये साडेसहाशे उरतात, तिथे नीट उभं राहून काम करता येतं. व्हेंटिलेटरवरचे पेशंट रोज वर-खाली होत असतील तर मी सव्वीसचीच सांगतो. तुमच्या वर्णनावरून तशी वेळ क्वचित येते, म्हणून तुम्हाला वीसची पुरेल. मार्जिनमध्ये आणखी चार इंच मिळत असतील तर केबिन रुंद करून मागा. कंपन्या करून देतात.

तर माझा कौल तिसऱ्या कोटेशनच्या बाजूने आहे, पण तो काही अटींवर, आणि त्या अटी जागेवर आल्याशिवाय तपासता येत नाहीत.

पहिली अट परवानगीची. मागचं मार्जिन मोकळं दिसतं म्हणून ते तुमचंच, असं महापालिका मानत नाही. बांधकाम विभागाची मंजुरी लागते, आणि अग्निशमन दलाची गाडी इमारतीभोवती जिथून जायची ती वाट अडता कामा नये. तुमच्या आर्किटेक्टने यूडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) आणि तुमचा मूळ मंजूर नकाशा समोर ठेवून हे आधी पाहायचं. लिफ्टवाल्याने ‘ते आम्ही बघतो’ म्हटलं तरी हे त्याच्यावर सोडू नका. काम अडलं तर बंद पडणार तुमचं रुग्णालय.

दुसरी अट, लिफ्ट कुठे उघडते. पुण्यात जुन्या सोसायट्यांना बाहेरून लिफ्ट लावतात तेव्हा ती बरेचदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडते, कारण खोल्या न तोडता आत शिरायला तीच एक जागा असते. पुढे अर्धा जिना चढायचा. सोसायटीतले आजोबा ते चालवून घेतात, तुमचं स्ट्रेचर चालवून घेणार नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्याच्या पातळीलाच उघडली पाहिजे, आणि त्यासाठी बहुधा प्रत्येक मजल्यावरची एखादी खोली किंवा स्टोअर जाईल. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

तिसरी अट वळणाची, आणि हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. लिफ्टमधून सात फुटांची खाट सरळ बाहेर आली आणि समोर पाच फुटांचा पॅसेज असेल तर ती वळणार कुठे? खडूचा प्रयोग इथेही करा, प्रत्येक मजल्यावर. जागा कमी पडत असेल तर दोन्हीकडून दरवाजे असलेली केबिन हा चांगला उपाय आहे. खाली ती मागच्या बाजूने उघडते, अँब्युलन्स थेट तिथे लागते, आणि वर पुढच्या बाजूने पॅसेजमध्ये. खाट एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मात्र दुसऱ्या दरवाजामुळे डक्टची खोली वाढते, ती आधीच धरा.

चौथी अट जमिनीखालची. या लिफ्टला साधारण दीड मीटर खोल पिट, म्हणजे डक्टच्या तळाशी खड्डा, लागतो. पुण्यात मुरूम लागला तर दोन दिवसांचं काम, आणि काळा दगड लागला तर ब्रेकर लावून फोडत बसावं लागतं. दगड फोडताना शेजारी तुमच्या इमारतीचं फुटिंग (पाया) आहे हे विसरायचं नाही. आर.सी.सी. सल्लागाराने फुटिंग कुठपर्यंत आलंय ते खणून पाहिल्याशिवाय ब्रेकर लावू देऊ नका. आणि वॉटरप्रूफिंग. काळ्या दगडात खणलेला खड्डा पावसाळ्यात पाणी धरतो, निचरा होत नाही. पिटमध्ये बफर (केबिन खाली आदळू नये म्हणून लावलेली स्प्रिंग), गव्हर्नरच्या (वेग मर्यादेबाहेर गेला की लिफ्ट थांबवणाऱ्या यंत्राच्या) दोरीला ताण देणारी पुली, स्विच असतात. पाण्यात बसले की जुलै-ऑगस्टमध्ये लिफ्ट बंद. पिटच्या भिंती आणि तळ आर.सी.सी.चे करा, आतून-बाहेरून वॉटरप्रूफिंग करा, आणि शेजारी पाणी गोळा व्हायला छोटा खड्डा करून पंप बसवा. लिफ्ट कंपनी पिट तुमच्याकडून तयार मागते. त्यात पाणी आलं तर जबाबदारी तुमची, हे करारात बारीक अक्षरात असतं.

या चारपैकी एक जरी अट बसली नाही तर? मग एक वेगळा विचार करा. खाटेसकट हलवावे लागणारे पेशंट आणि ओ.टी. एकाच मजल्यावर आणता येतात का? आज तुमची ओ.टी. तिसऱ्यावर आणि पुरुषांचा वॉर्ड पहिल्यावर असेल, तर एक पेशंट ड्रेसिंगला, एक्स-रेला, ऑपरेशनला, परत वॉर्डात असा चार-सहा वेळा लिफ्टने फिरतो. ऑपरेशनचे आणि ट्रॅक्शनचे पेशंट ओ.टी.च्याच मजल्यावर ठेवले, चालते-फिरते खाली, तर आडव्या फेऱ्या दोनवर येतात, एक भरती होताना आणि एक घरी जाताना. लिफ्ट लागतेच, पण तिच्यावरचा भार आणि ती बंद पडल्यावरची धावपळ कमी होते. खरं तर अटी बसल्या तरी हे करा.

आता यंत्राबद्दल. चार थांब्यांसाठी सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वेग घेऊन काही मिळत नाही. त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त असला तरी चालतो. वेळ प्रवासात जात नाही, खाट आत-बाहेर करण्यात जातो. पैसे घालायचे ते थांबण्याच्या अचूकतेवर. केबिन मजल्याच्या पातळीला पाच मिमीच्या आत थांबली पाहिजे आणि खाट चढताना वजनाने थोडी खाली बसली तर आपोआप परत वर आली पाहिजे. दाराच्या दोन उंबऱ्यांमध्ये फट असते, तीन सेंटिमीटरच्या आसपास. स्ट्रेचरची पाच इंची चाकं ती ओलांडतात, पण ड्रिप स्टँडची आणि इन्स्ट्रुमेंट ट्रॉलीची दोन इंची चाकं त्यात बसतात. त्यात पातळीचा फरक मिळाला की धक्का ठरलेला, आणि खुब्याचं हाड मोडलेल्या बाईंना तो धक्का काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. व्ही.व्ही.व्ही.एफ. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र, आज सगळेच देतात. तो नीट ट्यून केलाय का हे मात्र चालवून पाहावं लागतं. केबिनमध्ये ट्रॅक्शनची वजनं टांगून खाली-वर न्या. थांबताना वजनं झुलली तर सुपरवायझरला ट्यूनिंग पुन्हा करायला लावा.

दरवाजा टेलिस्कोपिक घ्या, म्हणजे दोन्ही पाती एकाच बाजूला सरकणारा. मधून दोन्हीकडे उघडणारा दिसायला छान, पण तेवढ्याच डक्टमध्ये त्याचं मोकळं उघडणं कमी येतं. दरवाजा उघडा राहण्याचा वेळ कारखान्यातून तीन-चार सेकंदांवर लावून येतो. तो वाढवून घ्या आणि ‘होल्ड’चं बटण मागा. नाहीतर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल: दारात डस्टबिन, नाहीतर वॉर्डबॉयची चप्पल. असं महिनाभर झालं की दरवाजाचं ऑपरेटर बिघडतं, आणि लिफ्टच्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी दरवाजाच्याच असतात. पूर्ण उंचीचा इन्फ्रारेड पडदा असू द्या. शिवाय ओ.टी.साठी एक प्राधान्याची किल्ली, जी फिरवली की लिफ्ट बाकीचे कॉल सोडून थेट येते. ही किल्ली सिस्टर इनचार्जकडे राहू दे.

केबिन आतून साध्या स्टेनलेस स्टीलची, खाटेच्या उंचीला धक्के खायला आडव्या पट्ट्या, तळाला न घसरणारं व्हिनाइल. ग्रॅनाइट घालू नका. एका रुग्णालयात मालकांच्या आग्रहाने तळाला ग्रॅनाइट, भिंतींना काच आणि वर झुंबरासारखा दिवा लागला. तेवढं वजन केबिनला वाढलं, काउंटरवेटचा (केबिनला तोलून धरणाऱ्या वजनाचा) तोल पुन्हा धरावा लागला, आणि एवढं करून फरशी पहिल्याच वर्षी ऑक्सिजन सिलिंडर पडून तडकली. आरसा मात्र मागच्या भिंतीला जरूर लावा, व्हीलचेअर उलटी बाहेर काढणाऱ्याला मागचं दिसतं. बटणं व्हीलचेअरवरून हात पोचेल इतक्या उंचीवर, ब्रेलसकट, आणि मजला बोलून सांगणारी व्यवस्था. ती मराठीत मिळते, मागा.

ए.आर.डी.चा प्रश्न. ए.आर.डी. म्हणजे बॅटरी. वीज गेली की ती केबिनला हळूहळू जवळच्या मजल्यावर नेते, दार उघडते आणि तिथेच थांबते. माणसं अडकू नयेत एवढंच तिचं काम, तुम्हाला हव्या त्या मजल्यावर पोचवणं हे नाही. तिसऱ्यावर निघालेला पेशंट दुसऱ्यावर उतरून बसेल. म्हणून जनरेटर लागतोच, आणि लिफ्ट त्याच्या लोडमध्ये धरलेली पाहिजे. वीस माणसांची, सेकंदाला एक मीटर वेगाची गिअरलेस (गिअरबॉक्स नसलेली) लिफ्ट १० किलोवॅटच्या आसपासची मोटर घेते. जुन्या गिअरच्या लिफ्टसारखा सुरुवातीचा झटका नसतो, तरी ओ.टी. आणि ए.सी. चालू असताना तुमचा जनरेटर तेवढं उचलतो का ते इलेक्ट्रिकल सल्लागाराकडून तपासा. आणखी एक सेटिंग आहे, जे कुणी आपणहून सांगत नाही. महावितरणची वीज गेल्यावर जनरेटर यायला काही सेकंद लागतात. ए.आर.डी. त्याआधीच जागी झाली तर ती आपला प्रवास पुरा करते आणि मग लिफ्ट पुन्हा चालू होते. तिला थोडा थांबायला लावा, जनरेटर आला नाही तरच तिने काम हाती घ्यावं.

आगीबद्दल थोडक्यात. डक्ट म्हणजे धुरासाठी उभं धुराडं. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात २०११ साली आग तळघरात लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. तुमच्याकडे तळघरात पार्किंग किंवा स्टोअर असेल तर ही लिफ्ट तिथपर्यंत नेऊच नका. न्यावीच लागली तर खाली आग रोखणाऱ्या दाराची बंद लॉबी करा. फायर अलार्म वाजला की लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबावी, अशी जोडणी मागा. आगीत पेशंट लिफ्टने उतरवता येणार नाहीत, म्हणून जिना आणि असल्यास रॅम्प मोकळा ठेवणं नव्या लिफ्टनंतरही सुटत नाही. जिन्याखाली गाद्या आणि जुनी फाईलं रचायची सवय लिफ्ट आल्यावर आणखी वाढते, असा माझा अनुभव आहे.

रुग्णालय बंद ठेवावं लागेल का? तिसऱ्या पर्यायात पूर्ण बंद ठेवावं लागत नाही, कारण सांगाडा, डक्ट, रेल (केबिन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या), मशिन सगळं बाहेर होतं आणि जुनी लिफ्ट चालू राहते. त्रासाचे टप्पे दोन. एक पिट फोडताना, आवाज आणि कंप. दुसरा, प्रत्येक मजल्यावर भिंत फोडून दाराची जागा करताना, धूळ. बांधकामाच्या धुळीतून ॲस्परजिलससारखी बुरशी पसरते, आणि अस्थिरोगाच्या ओ.टी.त इंप्लांटचं काम चालतं. तिसऱ्या मजल्यावरची भिंत फोडायची तेव्हा ओ.टी. बंद ठेवा, आतून प्लायची तात्पुरती भिंत आणि प्लॅस्टिक लावून सांधे टेपने बंद करा, काम संपल्यावर ओ.टी.चं कल्चर (जंतूंची तपासणी) घ्या आणि मगच केस लावा. खालून वर जायचं, एका वेळी एकच मजला. भिंत फोडली त्याच दिवशी ती जागा पक्की बंद झाली पाहिजे. डक्टचं दार बसेपर्यंत तिथे उघडं भगदाड असतं, नुसती दोरी बांधून चालत नाही. डक्ट उभा राहिला की कंपनीचा माणूस वरून ओळंबा सोडेल. तेव्हा तुमचा इंजिनिअर शेजारी उभा हवा आणि प्रत्येक मजल्याचे आकडे कागदावर उतरायला हवेत. सांगाडा तिरका असेल तर तो रेल लावण्याआधी दुरुस्त होतो, नंतर फक्त वाद होतात.

कागदपत्रांचा भाग लहान आहे पण टाळू नका. १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा जाऊन आपल्याकडे २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम आला आहे. बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना, दोन्ही उद्वाहन निरीक्षकांकडून. परवाना हातात येण्याआधी ‘तात्पुरती वापरा’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. निरीक्षक येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा. वजनं भरून चाचणी होते, गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर (केबिनला रेलवर पकडून धरणारा ब्रेक) तपासले जातात. खडूच्या प्रयोगातली तीच खाट त्या दिवशी खऱ्या केबिनमधून प्रत्येक मजल्यावर काढून पाहा, शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

देखभालीच्या करारात दोन गोष्टी पाहा. सुट्या भागांसकटचा घ्या, कारण रुग्णालयात दाराचा एक रोलर यायला चार दिवस थांबता येत नाही. आणि कंट्रोलरचा पासवर्ड किंवा सर्व्हिस टूल फक्त त्याच कंपनीकडे राहतं का, ते विचारा. राहत असेल तर पुढची पंधरा-वीस वर्षं दर तेच ठरवणार. नाव मोठं आहे किंवा कारखाना चाकणला आहे म्हणून माणूस लवकर येईल असं समजू नका. कोथरूड भागाचा मेकॅनिक कोण, त्याच्याकडे किती लिफ्ट आहेत आणि रात्री दोनला फोन कोण उचलतं, हे विचारा.

एका गोष्टीबद्दल मी कडक आहे. लिफ्टचं बाहेरचं दार उघडायची त्रिकोणी किल्ली वॉर्डबॉयकडे, वॉचमनकडे, अगदी तुमच्याकडेही सहज हाती लागेल अशी नको. केबिन दुसऱ्या मजल्यावर अडकलेली असते, कुणी घाईत पहिल्यावरचं दार किल्लीने उघडतो आणि आत केबिन आहे समजून पाऊल टाकतो. लिफ्टच्या अपघातांत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. किल्ली सीलबंद पेटीत ठेवा. ती वापरायचं प्रशिक्षण कंपनीकडून ज्या दोघांनी घेतलं असेल, त्यांनीच ती काढायची.

राहिली जुनी लिफ्ट. नवीला परवाना मिळून ती महिनाभर नीट चालेपर्यंत जुनीला हात लावू नका. नंतर चॅनल गेट मात्र काढायलाच हवं, लहान मुलांची बोटं आणि साडीचे पदर अडकायची ती जागा आहे. त्याच डक्टमध्ये आपोआप बंद होणाऱ्या दारांची छोटी प्रवासी लिफ्ट बसेल, म्हणजे पहिल्या कोटेशनवाल्याचं काम, फक्त वर्षभराने. ती नातेवाईकांसाठी, ओ.पी.डी.साठी आणि जेवणाच्या डब्यांसाठी ठेवा. भेटण्याच्या वेळेला खाट लिफ्टसमोर तिष्ठत राहते ती याच गर्दीमुळे. दोन लिफ्ट झाल्या की कपडे आणि जैववैद्यकीय कचरा कुठल्या लिफ्टने, किती वाजता उतरवायचा, हेही मेट्रनबरोबर बसून ठरवून टाका.

आता तुमच्याकडून मला तीन मापं हवीत: मागच्या मार्जिनची भिंतीपासून कंपाउंडपर्यंतची मोकळी रुंदी, तिसऱ्या मजल्यावर ओ.टी.बाहेरच्या पॅसेजची रुंदी, आणि तिसऱ्या मजल्याच्या फरशीपासून गच्चीच्या स्लॅबच्या वरपर्यंतची उंची. त्या डोक्यावरच्या उंचीवर ठरेल की मशिन रूम नसलेली गिअरलेस बसते की हायड्रॉलिककडे (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टकडे) वळावं लागतं. हायड्रॉलिक चार थांब्यांना चालते आणि तिचा भार वरच्या बांधकामाऐवजी पिटवर येतो, पण वर जाताना ती वीज जास्त खाते आणि तेल तापलं की दमते. मापं आली की त्याबद्दल लिहितो.